पाण्यापर्यंतची वाट

नगररचना खात्यात एकतीस वर्षं आरेखक म्हणून काढली. आता भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, आपल्या गावी राहतो. या सदरात नेहमी घराची परवानगी, गावठाण, सात-बारा असे प्रश्न येतात. या खेपेला आलेल्या पत्रांतली पाच पाण्याच्या काठाविषयीच निघाली. कुणी कुणाला सांगून लिहिलेली नाहीत, तरी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. म्हणून हे सदर त्यांनाच दिलं.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडं नोकरीला आहे. मागच्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडं तीन महिने राहून आलो. रोज सकाळी खाडीच्या काठानं फिरायचो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला हॉटेलं, कचेऱ्या, घरं. तरी वाट अडत नव्हती आणि कुणी तिकीट मागत नव्हतं. आता आमच्या तालुक्याच्या गावी नदीकाठाच्या सुशोभीकरणाचं काम येणार असं ऐकतो. चित्रात भिंत, फरशी, दिवे आणि एक मोठं फाटक दिसतं. तिकडच्यासारखा मोकळा काठ आपल्याकडं होऊ शकेल का? आम्ही काय मागावं?
(निवृत्त शिक्षिका, भंडारा जिल्हा)

ताई, तुमच्या पत्रातल्या ‘फाटक’ या शब्दापाशी मी थांबलो. भिंत, फरशी, दिवे यांवर मागाहून बोलता येईल. फाटक कुठं आहे, किती आहेत आणि कुणाच्या वस्तीकडं तोंड करून आहेत, हे आधी विचारा.

तुम्ही चाललात ती वाट ‘बे ट्रेल’ म्हणून ओळखली जाते. सगळ्या खाडीला वळसा घालणारी सुमारे ५०० मैलांची, म्हणजे ८०० किलोमीटरची वाट करायची असं तिथं ठरलं आहे. त्यातली ३५० मैलांहून अधिक तयार झाली. ९ काउंट्या (म्हणजे तिकडचे जिल्हे) आणि ४७ शहरं तिच्यात येतात. एवढी वाट एका ठेकेदारानं, एका निविदेत बांधलेली नाही. तुकड्यातुकड्यानं, आज इथं अर्धा मैल, चार वर्षांनी तिथं एक मैल, अशी ती जुळत आली, आणि अजून तिच्यात फटी आहेत. आपल्याकडं काठ म्हटला की एक मोठी रक्कम, एक मोठं चित्र आणि एक उद्घाटन डोळ्यांपुढं येतं. मला तुमच्या गावाची काळजी वाटते ती यामुळंच.

त्या खाडीची आधीची हालत वाईट होती. १९६० च्या आसपास भराव टाकटाकून ती बुजवत आणली होती. बर्कली शहराचा तर खाडीत भराव घालून आपलं क्षेत्र दुपटीच्या घरात न्यायचा बेत होता. १९६१ साली के केर, सिल्व्हिया मॅक्‌लाफ्लिन आणि एस्थर गुलिक या तीन बायकांनी त्याविरुद्ध लोक उभे केले. त्यातून १९६५ साली कायदा झाला आणि खाडीसाठी वेगळा आयोग नेमला गेला. त्या वेळी लोकांना बिनरोक जाता येईल असा काठ सगळा मिळून चार मैल होता. एवढ्या मोठ्या खाडीला चार मैल!

आयोगाच्या अखत्यारीत पाण्यालगतची १०० फुटांची पट्टी आली. तिच्यात बांधायचं तर परवाना हवा, आणि परवान्याची अट अशी की पाण्यापर्यंत लोकांना जाता येईल अशी शक्य तेवढी जास्तीत जास्त सोय ठेवायची. हॉटेल बांधा, पण त्याच्या पुढ्यातून वाट लोकांची. तुम्ही हॉटेलासमोरून बिनधास्त चालत गेलात ते या अटीमुळं. ‘सार्वजनिक किनारा’ अशा अर्थाची पाटीही कुठंतरी दिसली असेल.

सलग वाटेचा विचार त्यानंतर आला. १९८७ मध्ये त्यासाठी कायदा झाला, १९८९ मध्ये आराखडा. त्या आराखड्यातली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी वाटेचे तीन प्रकार केले. एक कणा, म्हणजे काठाकाठानं जाणारी मुख्य वाट. दुसरे फाटे, कण्यापासून पाण्यालगतच्या एखाद्या बघण्याजोग्या जागेपर्यंत जाणारे. तिसऱ्या जोडवाटा, आतल्या वस्त्यांपासून कण्यापर्यंत आणणाऱ्या. जिथं पाखरांच्या दलदलीला त्रास होईल तिथं काठ सोडून आतून जायलाही त्याच कामी येतात. आपल्याकडच्या चित्रांत कणा असतो, तोही भरजरी. जोडवाटा नसतात.

हे मी अनुभवानं सांगतो. नोकरीत असताना एका गावाच्या विकास आराखड्यात नदीकाठच्या बागेचं आरक्षण होतं. त्या तुकड्यात हिरवा रंग मी स्वतः भरला होता. आठ-नऊ वर्षांनी बाग झाली. पाहायला गेलो तर तिचं एकच दार, बाजाररस्त्याकडं. बागेच्या पाठीमागं तीनशेक घरांची वस्ती, तिथली पोरं भिंतीवरून उड्या मारून आत येत होती आणि रखवालदार त्यांना हाकलत होता. त्या वस्तीतून नदीकडं जाणारी एक बोळ पूर्वी होती. आमच्या नकाशावर ती नव्हती, कारण पाहणीच्या वेळी कुणी ती मोजली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. हिरवा रंग बरोबर होता. तिथवर जाणारी रेघ राहिली होती.

आणि घरची गोष्ट. माझी आई कार्तिक महिनाभर पहाटे नदीवर जायची. आमच्या अंगणापासून घाट तीनशे पावलं. दोन वाड्यांमधल्या बोळीतून सरळ उतार. एका वर्षी बोळीच्या तोंडाशी कुणी तारेचं कुंपण घातलं. भांडण नाही, तंटा नाही, एक दिवस कुंपण होतं. मोठ्या रस्त्यानं फिरून जायचं तर सव्वा किलोमीटर. आईचं वय तेव्हा त्र्याहत्तर. दोन दिवस गेली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आता घरीच आंघोळ करतो जी, गुडघे नाही ऐकत.” पुन्हा ती नदीवर गेली नाही. मी त्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात कुठल्याशा शहराचे अठरा मीटरचे रस्ते आखत होतो.

म्हणून ताई, तुमच्या गावासाठी पहिली मागणी अशी करा : आज लोक ज्या ज्या बोळींतून, गल्ल्यांतून, पांदणींतून नदीवर उतरतात, त्या सगळ्या आराखड्यावर काढा आणि प्रत्येकीच्या तोंडाशी काठ उघडा ठेवा. धोबीघाट, दशक्रियेची जागा, जनावरं पाण्यावर नेतात ती उतरण, गणपती-शारदा विसर्जनाची जागा, उन्हाळ्यात वाळूत डांगरवाड्या लावणाऱ्यांची वाट, हे सगळं. हे झालं की काठाची लांब वाट निम्मी जुळलीच म्हणा.

तुम्हाला अहमदाबादच्या साबरमतीचं चित्र दाखवतील. दोन्ही काठांना सुमारे अकरा-अकरा किलोमीटर सलग चालता येतं, आणि ते सलगपण शिकण्यासारखंच आहे. पण तिथं नदीचं पात्र दोन भिंतींमध्ये एकसारख्या रुंदीचं करून घेतलं आणि पात्रात पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. वैनगंगेला असं बांधून घालता येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस नदी चढली तेव्हा आमच्या घाटावरच्या देवळाचा ओटा बुडाला, कळस तेवढा वर होता. पवनी, ब्रह्मपुरीकडं लोकांना घरांतून काढावं लागलं. तुमच्या आराखड्यावर पूररेषा आहेत का ते पाहा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, शेती अशा उघड्या वापरालाच जागा आहे. पायवाट, पायऱ्या, झाडं तिथं शोभतात. पाणी येईल, गाळ टाकेल, ओसरेल, आपण झाडून घेऊ. खाऊगल्ली, रंगमंच आणि तिकीटघर तिथं काढलं असेल तर तोंडी बोलू नका, लेखी हरकत घ्या.

हरकतीची मुदत ध्यानात ठेवा. नगर परिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. त्या दिवसांत शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींना हाताशी धरा आणि बोळींची यादी सह्यांनिशी द्या. आरक्षण पडलं म्हणून निर्धास्तही राहू नका. अंतिम आराखड्यानंतर १० वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर जमीनमालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यावरही वेळेत काही हाललं नाही तर आरक्षण गळून पडतं. नदीकाठची कितीतरी हिरवी पानं अशी गळालेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझी नदीला लागून पावणेदोन एकर धानाची जमीन आहे. गावातून घाटाकडं जाणारी पायवाट माझ्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) येते आणि पुढं बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) मधून जाते. रोवणीच्या दिवसांत लोक रोवलेले पऱ्हे तुडवतात. रात्री बसणारे बाटल्या फोडतात, काच चिखलात जाते, मजुरांचे पाय कापतात. तार घालून वाट बंद करावी म्हणतो. करू शकतो का?
(शेतकरी, पवनी तालुका)

भाऊ, चिखलात काच म्हणजे काय ते धान रोवणाऱ्यालाच कळतं. तुमचा राग खरा आहे. तरी तार घालण्याआधी तलाठ्याकडं आणि भूमी अभिलेख कार्यालयात दोन कागद पाहून घ्या.

पहिला गावनकाशा. त्यावर एकेरी तुटक रेषा असेल तर ती पायवाट, दुहेरी तुटक असेल तर गाडीवाट. पायवाट सव्वाआठ फुटांची धरतात, गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फुटांची. तुमच्या गटातून अशी रेषा जात असेल तर ती वाट नोंदलेली आहे, आणि बंद करणं तुमच्या हातात नाही.

दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये आहे आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये. हे प्रकरण विदर्भापुरतंच लागू आहे. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हे शब्दही ठाऊक नसतात. निस्तार पत्रकात गावच्या मोकळ्या जागेचा वापर येतो : चराई, सरपण, गावची गरज. वाजिब-उल-अर्जात खासगी जमिनीतल्या आणि खासगी पाण्यातल्या वहिवाटी येतात, त्यांत ये-जा करायचा हक्क, पाणी घ्यायचा हक्क आणि मासेमारीचा हक्क हे स्पष्ट आहेत. म्हणजे जमीन तुमची, सात-बारा तुमचा, आणि तरी घाटाची वाट गावाची, हे आपल्या भागाच्या कायद्यानं फार आधीपासून मानलेलं आहे. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. बाहेरच्या देशांत लोक कोर्टात जाऊन जे मिळवतात, त्याची नोंद करायची तरतूद आपल्याकडं विदर्भासाठी म्हणून वेगळी केलेली आहे. नोंद धूळ खात पडली असेल, पण काढली की बोलते.

दोन्ही कागदांत वाट नसली, तरी वीस वर्षं कुणी उघडपणे, बिनविरोध वापरत असेल तर वहिवाटीचा हक्क मागता येतो. आणि तुम्ही तार घातली तर गावकऱ्यांना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढं सहा महिन्यांच्या आत दावा लावता येईल. बरेच जण इथं संहितेचं कलम १४३ सांगतात. ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतापर्यंत जायच्या वाटेचं आहे, घाटावर जाणाऱ्यांचं नाही.

आता काय करावं ते सांगतो. वाट बंद करू नका, सरकवा. बांधीच्या मधून जाते ती धुऱ्याधुऱ्यानं घाटापर्यंत न्या. पंधरा-वीस पावलांचा फेर पडेल, कुणी तक्रार करणार नाही. धुरा मीटर-दीड मीटर रुंद करून मुरूम टाकला तर रोवणीत पाय घसरत नाही आणि लोक बांधीत उतरत नाहीत. उतरतात ते धुरा निसरडा असतो म्हणून. हे काम रोजगार हमीतून बसवता येईल का, ते ग्रामसेवकांना विचारा. दोन्ही टोकांना दोन-दोन खांब असे रोवा की मधून माणूस आडवा होऊन जाईल, म्हैस जाणार नाही. जनावरांची उतरण वेगळी असेलच. आणि हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या : वाट सरकवली, जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच, पऱ्ह्याचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, रात्रीच्या बैठकी मोडायला कोण जाणार. वाटेचा हक्क गावाचा आहे तर बाटल्यांची जबाबदारीही गावाचीच. हे तुम्ही ग्रामसभेत उभं राहून बोला. मी असतो तर तुमच्या बाजूनं बोललो असतो.

प्रश्न : आमच्या गावच्या मामा तलावाच्या पाळीवर चालायचा ट्रॅक मंजूर झाला. दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, मधोमध काँक्रीट, दर थोड्या अंतरावर दिव्याचा खांब. आमचे डोंगे जिथून पाण्यात उतरतात, जाळी जिथं वाळवतो, नेमकी तीच जागा. संस्थेतले काही म्हणतात, विरोध केला तर ढिवर विकासाला आडवे आले असं दिसेल. काय करावं?
(मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, गोंदिया जिल्हा)

दादा, तुमचा डोंगा पाण्यात जातो ती जागा हाच त्या तलावाचा सर्वांत जुना सार्वजनिक काठ आहे. फिरायला येणारे आज येताहेत, त्यांचं स्वागत आहे. तुम्ही आधीपासून तिथं आहात. विरोध करू नका, दुरुस्ती सुचवा, आणि ती तलावाच्या भाषेत सुचवा, म्हणजे इंजिनिअरला टाळता येणार नाही.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत. कोहळी लोकांनी यांतले कितीतरी बांधले, मातीची पाळ घालून. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले. गावाचे निस्तार हक्क चालू राहिले. ही पाळ दगडी भिंत नाही. दाबून बसवलेली माती आहे, आणि तिच्यात तुडुमाची (शेताला पाणी सोडायच्या तोंडाची) जागा, सलांगाची (जादा पाणी बाहेर पडायच्या सांडव्याची) जागा ठरलेली आहे. दिव्याच्या खांबांसाठी पाळीच्या माथ्यावर दर थोड्या अंतरानं खड्डे खणले, त्यातून केबलची चारी काढली, तर पावसाचं पाणी आत मुरायला वाट मिळते. काँक्रीटचा पत्रा वर घातला की खाली माती खचली तरी दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आठवा. भरल्या तलावाचं पाणी बाहेर पडायची वाट मोकळी असणं, हे चालायच्या वाटेच्या आधी येतं. तेव्हा पहिला मुद्दा लेखी द्या : सलांगावर आणि तुडुमावर काहीही बांधायचं नाही, पाळ खणायची नाही, माथ्यावर मुरूम दाबून वाट करायची, दिवे लावायचेच तर पाळीच्या गावाकडच्या पायथ्याशी.

दुसरा मुद्दा कठड्याचा. डोंगे उतरतात त्या प्रत्येक ठिकाणी कठडा तोडून दहा-बारा फुटांचा उतार ठेवायला सांगा. जाळी वाळवायला वाटेच्या कडेला वेगळा ओटा मागा. तो सावलीत नको, उन्हात हवा, हे त्यांना सांगावं लागेल. चित्र काढणारा माणूस सगळीकडं झाडंच काढतो. मीही काढायचो.

तिसरा मुद्दा तुम्ही लिहिला नाही, तरी तुमच्या जिल्ह्यासाठी मला तो महत्त्वाचा वाटतो. तलावाला पूर्ण वेढा घालणारी वाट होऊ देऊ नका. गोंदियात सारस अजून आहे. तो धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ कडेला वावरतो. हिवाळ्यात बाहेरची बदकं येतात. पाळ ही माणसांची बाजू, पलीकडची उथळ, गवताची बाजू पाखरांची. खाडीकाठच्या त्या वाटेबद्दल वर लिहिलं आहे, तीही पाखरांसाठी काठ सोडून आत वळते. वाट अर्धी राहिली म्हणून काही उणं होत नाही. गेलं तिथून परत यावं. चालणं दुप्पट होतं.

हे तीन मुद्दे संस्थेच्या ठरावासह ग्रामपंचायतीला आणि काम काढणाऱ्या कार्यालयाला, काम सुरू होण्याआधी, पोच घेऊन द्या. कठडा बसल्यावर तो तोडायला कुणी येत नाही.

प्रश्न : आमच्या शहरात तलावाकाठी सुंदर वाट झाली आहे. दिवे आहेत, बाकं आहेत. तरी सांजवेळी आम्ही बाया तिथं जायला धजत नाही. नेमकं काय चुकलं असेल?
(गृहिणी, चंद्रपूर जिल्हा)

बाई, तुम्ही अंतर लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की एकदा आत शिरलं की दुसऱ्या टोकापर्यंत बाहेर पडायला जागा नसेल. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उंच भिंत किंवा घनदाट शोभेची झुडपं. माझी बायको अशा वाटेला ‘नळी’ म्हणते. समोरून नको तो माणूस येताना दिसला तर वळायला गल्ली नाही. दिवे कितीही लावा, नळी ती नळीच. उपाय जोडवाटांचाच आहे : दर दोन-तीनशे पावलांवर वस्तीकडं उघडणारी वाट, भिंतीऐवजी कमरेएवढा कठडा किंवा काहीच नाही, घरांच्या खिडक्या काठाकडं, आणि एखादा चहाचा, भुईमुगाच्या शेंगांचा ठेला, जो अंधार पडल्यावरही उभा असेल. ठेलेवाले हटवून काठ ‘स्वच्छ’ केला की तिथले डोळेही जातात. बायांसाठी संडास हवा, कुलूप नसलेला. नगर परिषदेला पत्र लिहाल तेव्हा तुमच्या गल्लीतल्या दहा-बारा जणींना घेऊन एकदा सांजवेळी ती वाट चाला आणि जिथं जिथं पाय अडखळला तिथं खूण करा. तो कागद कुठल्याही अहवालापेक्षा उपयोगाचा.

प्रश्न : मी बारावीत आहे. पुढं आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग शिकायचं आहे. आमच्या गावच्या नदीकाठाचा नकाशा काढायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करू? गुगलवर वाटा दिसत नाहीत.
(विद्यार्थी, लाखांदूर तालुका)

बाळा, दिसणार नाहीत. झाडाखालची पायवाट उपग्रहाला दिसत नाही, आणि जुलैत बांध्या भरल्या की वाट पाण्याखाली जाते.

तुला एक गोष्ट सांगतो. १८३६ साली अमेरिकेतल्या शिकागो गावाचा नकाशा तयार झाला. कालव्याच्या कामावरचे आयुक्त होते, त्यांनी तळ्याकाठच्या एका पट्टीवर लिहून ठेवलं की ही सार्वजनिक जागा आहे, ही कायम मोकळी राहील, इथं इमारत किंवा कसलाही अडथळा येणार नाही. नकाशावरचं एक वाक्य. पुढं शहर वाढलं, त्या जागेवर इमारती बांधायच्या योजना आल्या. तिथले एक व्यापारी, माँटगोमेरी वॉर्ड, १८९० पासून पुढची वीसेक वर्षं त्या एका वाक्यासाठी कोर्टात भांडले. कोर्टानं ते वाक्य मानलं. आज त्या तळ्याच्या काठानं १८ मैलांची सलग वाट आहे. हे वाचलं तेव्हा मी नोकरीत नवा होतो. नकाशावर आपण जे लिहितो ते कुणीतरी पन्नास वर्षांनी वाचणार आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि जे लिहीत नाही तेही.

सुरुवात अशी कर. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची प्रत घे. मग गावातल्या सत्तरीपुढच्या आजी-आजोबांकडं जा, बायांकडं आधी. त्यांना ‘नदीचा रस्ता कुठं आहे’ असं विचारू नकोस, ते डांबरी रस्ता दाखवतील. ‘लग्न होऊन आल्यावर पाण्यावर कुठून जायच्या?’ असं विचार. त्या हात करून बोळ दाखवतील, बाभूळ दाखवतील, जी आता नाही तीही. त्यांच्यासोबत जेवढं चालता येईल तेवढं चाल. पावलं मोज. जिथं वाट अडली तिथं काय आहे ते लिही : तार, घर, उकिरडा, गिट्टीचा ढीग, बेशरमाचं झुडूप. कुणाचं आहे ते आत्ता लिहू नकोस, भांडणं लागतील. एकदा उन्हाळ्यात चाल, एकदा रोवणीत, एकदा पूर ओसरल्यावर. नदी, नाले, तलाव, सार्वजनिक रस्ते आणि वाटा या, कुणाची कायदेशीर मालकी सिद्ध झालेली नसेल तर, संहितेच्या कलम २० प्रमाणं शासनाच्या असतात. आणि शासन ते लोकांसाठी सांभाळणारा विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं बियास नदीच्या प्रकरणात सांगितलं आहे, १९९७ च्या निकालपत्रांत ते छापलेलं आहे. हे पुढं शिकशीलच. आत्ता पावलं मोज.

मी माझ्या आईची बोळ अशीच शोधली, निवृत्त झाल्यावर. गावनकाशावर ती आहे. एकेरी तुटक रेषा, घाटापाशी जाऊन संपणारी. तहसिलात अर्ज दिला, दोन्ही वाड्यांच्या लोकांशी बोललो. एकानं लगेच मानलं, दुसऱ्याला दीड वर्ष लागलं. आता कुंपणाला माणूस जाण्याइतकी फट आहे. शेजारची सूनबाई कार्तिकात तिथून जाते, मी तिच्या पाठोपाठ हळूहळू उतरतो. बोळ पुरती मोकळी व्हायची आहे, मधला उकिरडा तसाच आहे.

तुझ्या गावनकाशाची प्रत मिळाली की एक झेरॉक्स सदराच्या पत्त्यावर पाठव. घाटाकडची तुटक रेषा सापडली तर तिच्यावर पेन्सिलनं खूण कर. पेननं नको.